शिट्टी वाजली नाही, पण फाउल दिसला: रेफरीने ॲडव्हांटेज कसा द्यावा आणि कसा कळवावा

फाउल झाला आणि शिट्टी वाजली नाही, की मैदानावरचा प्रत्येक जण त्याचा आपापल्या सोयीने अर्थ लावतो. पडलेल्या खेळाडूला वाटतं, रेफरीला दिसलंच नाही. पाडणाऱ्याला वाटतं, आज एवढं चालतंय. रेषेबाहेरून "अबे रेफरी, शिट्टी मार ना बे!" सुरू होतं. रेफरीने मात्र फाउल पाहिलेला असतो. चेंडू त्याच संघाच्या पायात राहिलाय हेही पाहिलेलं असतं. आता खेळ थांबवला तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचंच नुकसान होईल, म्हणून त्याने शिट्टी रोखलेली असते. यालाच ॲडव्हांटेज देणं म्हणतात. हे सगळं बावीस खेळाडूंना, दोन्ही बाकांना आणि बघणाऱ्यांना कळवायला त्याच्याकडे दोन हात असतात, आवाज असतो आणि पुढच्या मिनिटभरातलं त्याचं वागणं असतं. निर्णय बरोबर असूनही तो कळला नाही, तर सामना हातातून निसटायला तेवढं पुरतं.

हा लेख नागपूर-कामठीकडच्या नव्या रेफरींसाठी आहे, आणि आंतरशालेय सामन्यात ज्यांच्या हातात ऐनवेळी शिट्टी दिली जाते त्या क्रीडाशिक्षकांसाठीही. कामठीत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या 'स्लम सॉकर'मुळे वस्त्यांमधले कितीतरी पोट्टे या खेळात आले. यातल्या बहुतेकांनी नियमपुस्तिका कधी उघडलेली नसते. नियम ते रेफरीकडे बघून शिकतात. म्हणून आपण काय दाखवतो आणि काय बोलतो, याला आपल्याकडे जास्तच वजन आहे.

नियम नेमका काय म्हणतो

फुटबॉलचे नियम आयएफएबी ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते आणि दरवर्षीचे बदल साधारण १ जुलैपासून लागू होतात. ॲडव्हांटेज दोन ठिकाणी येतो. रेफरीच्या अधिकारांचा पाचवा नियम सांगतो की, अपराध झाला तरी ज्या संघाविरुद्ध तो झाला त्याचा फायदा होणार असेल, तर रेफरी खेळ चालू ठेवतो. अपेक्षित फायदा त्याच वेळी किंवा पुढच्या काही सेकंदांत झाला नाही, तर तो मूळ अपराधाची शिक्षा देतो. फाउल आणि गैरवर्तनाच्या बाराव्या नियमात अशा वेळी कार्डांचं काय करायचं ते दिलं आहे.

यातली एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. ॲडव्हांटेज ही फाउल करणाऱ्याला दिलेली सूट नाही. तो फाउल सोसणाऱ्या संघाचा हक्क आहे. हे मनात स्पष्ट असेल तर पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. फ्री किक दिल्याने त्या संघाचं जास्त भलं होणार असेल, तर शिट्टी वाजवायची. खेळ चालू राहिल्याने जास्त भलं होणार असेल, तर हात पुढे करायचे. "सामना वाहता राहावा", "शिट्ट्या कमी वाजाव्यात" ही कारणं त्यानंतरची.

पहिली पायरी: शिट्टी ओठांतून काढा

नवीन रेफरी शिट्टी तोंडात धरून धावतो. पाय लागलेला दिसला की फुंकर आपोआप जाते, आणि एकदा वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही. खेळ थांबला म्हणजे थांबला. पुढे एकटा सुटलेला विंगर मागे वळून हात वर करतो आणि त्याचं बरोबर असतं.

त्यामुळे शिट्टी हातात ठेवा. बोटांत अडकवायची पकड मिळते, मनगटाला दोरी बांधली तरी चालतं. हात तोंडापर्यंत न्यायला जो क्षण लागतो, त्यात चेंडू कुठे गेला हे दिसून जातं. ही सवय लागायला काही आठवडे जातात, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे, म्हणून ती आधी लावून घ्या.

दुसरी पायरी: थांबा आणि चार गोष्टी बघा

फाउल दिसल्यावर लगेच हात पुढे करू नका. आधी बघा. मनातल्या मनात "एक, दोन" म्हणण्याइतका वेळ घ्या. या वेळात चार प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत.

चेंडू खरंच ताब्यात आहे का? सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. पाडलेला खेळाडू उठून पुन्हा चेंडूपर्यंत पोचला, पण तोल गेलेला आहे, पाठ गोलकडे आहे आणि अंगावर दोन डिफेंडर आहेत. चेंडू त्याच्याकडे आहे हे खरं, पण याला फायदा म्हणत नाहीत. त्याला फ्री किक हवी आहे आणि ती द्यायला हवी. चेंडू पायाजवळ असणं आणि पुढे काही करता येण्याजोगा असणं यांत फार अंतर आहे.

पुढे काय होऊ शकतं? मोकळी जागा आहे का, हल्ला गोलच्या दिशेने चाललाय का, की चेंडू बाजूच्या रेषेकडे ढकलला जातोय?

पुढे कोण आहे? दोन हल्लेखोर आणि एक डिफेंडर असेल तर फायदा उघड आहे. एक हल्लेखोर आणि चार डिफेंडर असतील, तर बहुतेक वेळा फ्री किक बरी.

गोल किती लांब आहे? प्रतिस्पर्ध्याच्या गोलच्या जितकं जवळ, तितका ॲडव्हांटेज परिणामकारक ठरू शकतो. स्वतःच्या बॉक्सजवळ, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राजवळ, पाडल्या गेलेल्या डिफेंडरला "खेळत राहा" म्हणण्यात त्याचं काहीच भलं नाही. दबावाखाली चेंडू गेला तर त्याच्याच गोलवर हल्ला येतो. अशा ठिकाणी शिट्टी वाजवा, त्यांना नीट रचना करून पुढे येऊ द्या. मैदानाच्या आपल्याच तिसऱ्या भागात ॲडव्हांटेज क्वचितच शोभतो.

एका उदाहरणावरून बघू. मधल्या वर्तुळाजवळ निळ्या संघाच्या आठ नंबरला मागून पाय लागतो. पडता पडता तो चेंडू उजवीकडे सरकवतो. उजवीकडे निळ्यांचा सात नंबर रिकाम्या जागेत धावतोय, समोर एकच फुलबॅक आहे. इथे थांबलेल्या त्या दोन सेकंदांत सगळं दिसतं आणि हात पुढे जायला हवेत. आता हाच फाउल, हाच पास, पण सात नंबरच्या पाठीला लाल संघाचा खेळाडू चिकटलेला आणि रेषा दोन पावलांवर. इथे शिट्टी. फाउल तोच असूनही निर्णय वेगळा येतो, कारण निर्णय फाउलवर नाही, फाउलनंतरच्या चित्रावर होतो.

तिसरी पायरी: हातांनी सांगा

फायदा होतोय याची खात्री झाली की इशारा द्या. दोन्ही हात शरीरापुढे, खालून वर, कमरेपासून छातीच्या उंचीपर्यंत न्या. तळवे उघडे, बोटं जुळलेली, हात सरळ. एकदा नेऊन क्षणभर तसेच ठेवायचे, म्हणजे दूर उभ्या गोलकीपरलाही दिसतात. पूर्वी दोन्ही हातांचाच इशारा मान्य होता. २०१६ च्या मोठ्या फेरबदलात एका हाताचा इशाराही मान्य झाला, कारण दोन्ही हात पसरून वेगात धावणं अवघड जातं. तेव्हा हल्ल्यामागे पळत असाल तर एक हात पुढे करा आणि दुसऱ्याने धावण्याचा ताल सांभाळा. थांबून इशारा देऊ नका. तुम्ही थांबलात तर पुढच्या घटनेपासून वीस मीटर मागे राहाल, आणि पुढची घटना कदाचित बॉक्समध्येच असेल.

हात कुठे जातो याकडे काटेकोरपणे बघा, कारण बाकीचे इशारेही हातांचेच आहेत. हात डोक्यावर सरळ उभा गेला तर तो अप्रत्यक्ष फ्री किकचा (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत) इशारा होतो. खांद्याच्या रेषेत आडवा जाऊन एका बाजूला रोखला, तर लोकांना थेट फ्री किकची दिशा दाखवल्यासारखी वाटते आणि खेळाडू थबकतात. फुटबॉलच्या ॲडव्हांटेजमध्ये हात पुढे जातो, खालून वर जातो. हॉकीत पंच फायदा मिळणाऱ्या संघाच्या दिशेने हात उंच धरतात. आपल्याकडे दोन्ही खेळांत पंचगिरी करणारे क्रीडाशिक्षक बरेच असतात, त्यांनी ही सवय मैदान बदलताना मुद्दाम बदलावी.

आणखी एक. हात पुढे करताना नजर चेंडूवर आणि खेळाडूंवर हवी, जमिनीवर नको. खाली बघून हलकेच हात हलवणारा रेफरी खात्री नसल्यासारखा दिसतो, आणि मैदानावर ते सगळ्यांना लगेच कळतं.

चौथी पायरी: आवाजाने सांगा

नियमात इशारा सांगितला आहे, शब्द ठरवून दिलेले नाहीत. तरी माझ्या मते आपल्या मैदानांवर आवाजाशिवाय ॲडव्हांटेज अपुराच राहतो. पडलेला खेळाडू मातीकडे तोंड करून पडलेला असतो. पाडणारा चेंडूमागे वळलेला असतो. दोघांनाही तुमचे हात दिसत नाहीत, पण दोघांनाही तुम्ही पाहिलंत हे कळणं सगळ्यात गरजेचं आहे.

शब्द लहान आणि ठाम ठेवा. "ॲडव्हांटेज! खेळा!" किंवा "प्ले ऑन, ॲडव्हांटेज!" एवढं पुरतं. नागपुरात एकाच संघात मराठी, हिंदी, इंग्रजी, कधी तिन्ही भाषा ऐकू येतात, म्हणून 'ॲडव्हांटेज' हा सगळ्यांना कळणारा शब्द त्यात असू द्या. आवाज पोटातून, पूर्ण मैदान ओलांडून जाईल असा. शिट्टीचं काम इथे आवाज करतोय.

इथे एक चूक फार दिसते आणि तिच्यामुळे बाकीची मेहनत वाया जाते. फाउल नसतानाही बरेच रेफरी "खेळा, खेळा" ओरडतात आणि हात हलवतात. दोन खेळाडूंची खांद्याला खांदा लावून स्वच्छ टक्कर झाली, एक पडला, रेफरी म्हणतो "प्ले ऑन". पाच मिनिटांनी खरा फाउल होतो, ॲडव्हांटेज असतो, आणि रेफरी पुन्हा तेच शब्द, तोच हात वापरतो. ऐकणाऱ्याला फरक कसा कळणार? म्हणून दोन्हींसाठी वेगळी भाषा ठरवून टाका. फाउल नसेल तर "काही नाही!" किंवा "क्लीन!" म्हणा, आणि हात खाली ठेवा. पुढे गेलेले हात फक्त "फाउल झाला, मी पाहिला, फायदा देतोय" एवढ्याचसाठी राखून ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत हा फरक खेळाडूंच्या लक्षात आला की पुढे पुष्कळ तक्रारी येतच नाहीत.

थोडा वेळ मिळाला तर पाडणाऱ्याशी धावता धावता बोला. "सहा नंबर, पाहिलं मी. पुन्हा नको." एवढंच. पाडलेल्याजवळून जाताना "पाहिलं, भाऊ, बरा आहेस ना?" म्हणा. शाळेचे खेळाडू तुम्हाला "सर" म्हणतात, क्लबातले मोठे खेळाडू "रेफरी भाऊ". त्यांना त्यांच्याच सुरात, पण आदराने उत्तर द्या. सूड घ्यायला निघालेला खेळाडू अनेकदा या एका वाक्याने थांबतो, कारण त्याचा राग फाउलपेक्षा "कुणी पाहिलंच नाही" यावर जास्त असतो.

पाचवी पायरी: फायदा झाला नाही तर मागे या

'काही सेकंद' म्हणजे किती, हे नियमात आकड्याने दिलेलं नाही. प्रत्यक्षात दोन-तीन सेकंद धरून चाला. तेवढ्यात अपेक्षित फायदा आला नाही, म्हणजे पास पोचण्याआधीच अडवला गेला किंवा पाडलेला खेळाडू दोन पावलं लंगडत जाऊन पडला, तर शिट्टी वाजवा आणि मूळ फाउलची फ्री किक द्या. इशारा देऊन झाला असला तरीही तुम्ही मागे येऊ शकता. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, नियमानेच ती मुभा दिली आहे.

मागे येतानाही बोला. शिट्टी जोरात, मग फाउलच्या जागेकडे बोट, मग दिशा, आणि सोबत "फायदा झाला नाही, फ्री किक इथून". हे न बोलता केलं तर बचाव करणाऱ्या संघाला वाटतं की त्यांनी नियमात राहून चेंडू जिंकला आणि रेफरीने तो काढून घेतला.

मागे कधी यायचं नाही, हे जास्त महत्त्वाचं. फायदा मिळाला, खेळाडू मोकळा होता, त्याने गोलवर फटका मारला आणि तो बाहेर गेला. आता फ्री किक नाही. फायदा दिला गेला होता, तो त्याने वापरला, नेम चुकला. तसंच, मोकळा असताना स्वतःच्या चुकीने पास प्रतिस्पर्ध्याला दिला तर त्याला दुसरी संधी मिळत नाही. फायदा मिळाला का, हा प्रश्न आहे. त्या फायद्याचं सोनं झालं का, हा नाही.

सहावी पायरी: कार्ड विसरू नका

ॲडव्हांटेज दिला म्हणजे कार्ड माफ झालं, असा समज खेळाडूंमध्ये पक्का बसलेला आहे, आणि काही रेफरींमध्येही. नियम तसा नाही. फाउल कार्डाच्या लायकीचा असेल, तर चेंडू पुढच्या वेळी खेळाबाहेर जाईल तेव्हा ते कार्ड दाखवायलाच हवं. मात्र कार्ड कशासाठी, यावर रंग ठरतो. हा भाग थोडा सावकाश वाचा.

फाउल ज्या पद्धतीने केला त्यासाठी कार्ड असेल, म्हणजे बेपर्वाईने टाकलेला टॅकल, तर ॲडव्हांटेजनंतरही पिवळं कार्ड कायम राहतं. पाडलेल्याला जे सोसावं लागलं ते खेळ चालू राहिल्याने पुसलं जात नाही.

फाउलने जे अडवलं त्यासाठी कार्ड असेल, तर हिशोब बदलतो. जोमात चाललेला आश्वासक हल्ला रोखायला शर्ट ओढला, पण तुम्ही ॲडव्हांटेज दिला आणि हल्ला चालूच राहिला, तर पिवळं कार्ड द्यायचं नाही. हा बदल २०२०-२१ च्या नियमांत आला. कारण सरळ आहे, हल्ला अडलाच नाही. त्याच तर्काने, गोलची उघड संधी हिरावणारा फाउल असेल आणि तुम्ही ॲडव्हांटेज दिला, तर लाल कार्ड राहत नाही. गोलरेषेवर डिफेंडरने मुद्दाम हाताने चेंडू अडवायचा प्रयत्न केला आणि तरीही चेंडू आत गेला, तर गोल द्या आणि पिवळं कार्ड दाखवा. शर्ट ओढणं आणि बेपर्वा टॅकल एकाच घटनेत असतील, तर टॅकलचं पिवळं कार्ड उरतंच.

नंबर लक्षात ठेवायला साधी युक्ती आहे. इशारा दिल्यापासून चेंडू बाहेर जाईपर्यंत "लाल सहा, लाल सहा" असं पुटपुटत राहा. खेळ कधी अर्धा मिनिट चालतो, मध्ये दुसरा फाउल होतो, गोल होतो, आणि त्या गोंधळात सहाचा नऊ होतो. सहायक रेफरीला, म्हणजे लाईनमनला, आधीच सांगून ठेवा की त्यांनीही नंबर धरून ठेवावा. चेंडू बाहेर गेला की लगेच थ्रो-इन किंवा गोल किक घेऊ देऊ नका. शिट्टी वाजवा, हात उंचावून थांबवा, खेळ पुन्हा सुरू होण्याआधी कार्ड पूर्ण करा. आणि कार्ड दाखवताना मूळ फाउलच्या जागेकडे बोट दाखवा. ही छोटी कृती न केल्यास लोकांना वाटतं की कार्ड आत्ताच्या थ्रो-इनवरून झालेल्या वादाला मिळालं.

ॲडव्हांटेज चालू असताना दुसरा फाउल झाला तर? मधल्या भागात बेपर्वा टॅकल, ॲडव्हांटेज, मग बॉक्समध्ये दुसऱ्याने पाडलं. पेनल्टी द्या. दोन्ही फाउल कार्डाच्या लायकीचे असतील तर दोन्ही कार्डं दाखवा, पहिलं आधी, आणि कोणतं कशासाठी हे बोटाने दाखवून.

ॲडव्हांटेज देऊच नये असे प्रसंग

गंभीर घातक खेळ, हिंसक वर्तन किंवा आधी पिवळं कार्ड असलेल्या खेळाडूचा दुसरा पिवळा अपराध. यांत ॲडव्हांटेज द्यायचा नाही. अपवाद एकच, गोल करण्याची स्पष्ट संधी समोर असेल तर. नडगीवर बूट ठेवून केलेला टॅकल बघितल्यावर खेळ चालू ठेवलात, तर पुढच्या दहा सेकंदांत पडलेल्या खेळाडूचे मित्र हिशोब चुकता करायला धावतात. जखमीला मदत उशिरा मिळते ते वेगळंच. अशा वेळी शिट्टी लांब आणि कडक वाजवा आणि स्वतः त्या जागी धावत पोचा.

स्पष्ट संधी होती म्हणून तुम्ही खेळ चालू ठेवला, तर चेंडू बाहेर जाताच त्या खेळाडूला मैदानाबाहेर काढायचं आहे. पण त्याआधीच तो पुन्हा चेंडू खेळला किंवा प्रतिस्पर्ध्याच्या आड आला, तर खेळ थांबवा, त्याला बाहेर काढा आणि अप्रत्यक्ष फ्री किकने सुरुवात करा. त्याने त्याहून गंभीर अपराध केला असेल तर त्या अपराधाप्रमाणे. हे कलम अनेकांच्या वाचनातून सुटतं.

कुणी डोक्यावर पडलं असेल, हालचाल करत नसेल, तर ॲडव्हांटेजचा विचारच करू नका.

पेनल्टी बॉक्समध्ये हात आवरा

बॉक्समध्ये पेनल्टीपेक्षा मोठा फायदा फक्त गोल किंवा गोलसमोरची मोकळी संधी. म्हणून इथे मोठ्या आवाजात "ॲडव्हांटेज" ओरडून हात पसरू नका. शांत राहा, पाहा. पाडलेल्या खेळाडूकडून निसटलेला चेंडू सहकाऱ्याने त्याच क्षणी जाळ्यात मारला, तर गोल. तसं झालं नाही, तर शिट्टी आणि पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट. बॉक्सबाहेर सुरू झालेली पकडापकडी बॉक्सच्या आत चालूच राहिली, तर शिक्षा पेनल्टीचीच, हेही ध्यानात असू द्या.

कठीण जागा एकच. बॉक्समध्ये फाउल झाला, चेंडू सहकाऱ्याकडे गेला, त्याच्यासमोर रिकामा गोल, आणि त्याने बाहेर मारला. आता पेनल्टी मागायला दहा जण धावतील. ती संधी खरोखर मोकळी असेल, तर पेनल्टी नाही. एकाच फाउलवर दोन संधी मिळत नाहीत. संधी घाईची होती, अंगावर डिफेंडर होता, फटका दबावाखाली होता, तर पेनल्टी द्या. तुम्ही आधीच हात पसरलेले नसतील, तर हा निर्णय शांतपणे घेता येतो आणि समजावताही येतो.

लाईनमनशी आधी बोलून घ्या

प्रशिक्षित सहायक रेफरी असतील तर सामन्याआधी पाच मिनिटं उभे राहून ठरवा. फाउल रेफरीच्या नजरेआड झाला असेल आणि रेफरीने तो बघितला असता तर ॲडव्हांटेज दिला नसता, या दोन्ही गोष्टींची खात्री झाल्यावरच सहायकाने झेंडा वर करायचा. घाईने वर गेलेला झेंडा खेळाडूंना दिसतो, ते थांबतात, आणि चांगला हल्ला मरतो. ऑफसाइडचा झेंडा वर गेला, पण चेंडू थेट गोलकीपरच्या हातात गेला, तर खेळ चालू द्या आणि सहायकाला हाताने झेंडा खाली घ्यायला सांगा.

स्थानिक स्पर्धांत पुढच्या सामन्यासाठी थांबलेल्या संघातला पोरगा लाईनवर उभा केला जातो. त्याला फाउलचा विचार करायला लावू नका. चेंडू बाहेर गेला की झेंडा, ऑफसाइड दिसला की झेंडा, बाकी माझ्याकडे, एवढंच सांगा. दोन्ही कर्णधारांनाही नाणेफेकीच्या वेळी सांगून टाका: "हात पुढे आणि 'ॲडव्हांटेज' म्हटलं म्हणजे फाउल पाहिला आहे. शिट्टीपर्यंत थांबू नका."

सामन्याची तब्येत आणि मैदान

आयएफएबीच्या मार्गदर्शनात ॲडव्हांटेज ठरवताना सामन्याच्या वातावरणाचाही विचार करायला सांगितलं आहे. दोन्ही संघ शांत खेळताहेत तेव्हा मोकळ्या मनाने ॲडव्हांटेज द्या. मात्र तीन मिनिटांत तीन टॅकल झाले, धक्काबुक्की सुरू झाली, रेषेला चिकटून उभे असलेले समर्थक आत यायला लागले, तर थोडा वेळ ॲडव्हांटेज बाजूला ठेवा. उघड हल्ला असेल तरच द्या, एरवी शिट्टी वाजवा. खेळ थांबतो, श्वास घेतला जातो, दोन शब्द बोलता येतात. तापलेल्या सामन्यात शिट्टी औषधासारखी लागू पडते.

जमीनही निर्णयात भाग घेते. जुलै-ऑगस्टच्या चिखलात पुढे ढकललेला चेंडू तीन पावलांवर थांबतो आणि दिसलेला फायदा तिथेच संपतो. तेव्हा पावसात क्षणभर जास्त थांबा आणि मागे यायची तयारी ठेवा. उन्हाळ्यात कडक झालेल्या मैदानावर चेंडू उसळून पायाच्या पुढे पळतो, ताबा आहे की नाही तेच नीट कळत नाही. मे महिन्यात दमलेल्या पायांचे टॅकल उशिरा पोचतात, शेवटच्या वीस मिनिटांत तर हमखास. अशा वेळी फाउलची तीव्रता आधी बघा, फायदा नंतर.

दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात ॲडव्हांटेज जवळपास विसरा. फाउल झाला की ही मुलं स्वतःच थांबतात, रेफरीकडे बघतात. तुम्ही हात पुढे केले तरी निम्मी उभी राहतात आणि निम्मी चेंडू घेऊन पळतात. शिट्टी वाजवा, काय झालं ते एका वाक्यात सांगा, फ्री किक पटकन घेऊ द्या. वयोगट वाढेल तसा ॲडव्हांटेज वाढवत न्या.

सेव्हन-ए-साइडच्या छोट्या मैदानावर प्रत्येक जागा गोलच्या जवळच असते, त्यामुळे झटपट फ्री किकचा फायदा अनेकदा ॲडव्हांटेजपेक्षा मोठा असतो. ती झटपट घेऊ द्या. मोठ्या मैदानाच्या नियमांतही २०१९ पासून अशी तरतूद आहे की कार्ड देण्याची प्रक्रिया रेफरीने सुरू केलेली नसेल आणि झटपट फ्री किकवर गोलची स्पष्ट संधी असेल, तर फ्री किक घेऊ द्यायची आणि कार्ड नंतर दाखवायचं. फुटसाल (पाच-पाच जणांचा, बहुधा बंदिस्त मैदानावरचा फुटबॉल) खेळवत असाल तर फाउल मोजले जातात हे विसरू नका. ॲडव्हांटेज दिलेला फाउलही संघाच्या खात्यावर चढतो, आणि चेंडू बाहेर गेल्यावर तो टाइमकीपरच्या टेबलाला इशाऱ्याने कळवावा लागतो.

सराव कसा करायचा

हात आणि आवाज आरशासमोर सुरू करा, मग मैदानावर धावत करा. मित्राला शंभर पावलांवर उभं करा, मोबाईलवर चित्रण करायला सांगा. आवाज तिथपर्यंत पोचतोय का, एका हाताचा इशारा फ्री किकसारखा दिसतोय का, हे चित्रणात लगेच उघडं पडतं.

नजरेचा सराव बघ्याच्या जागेवरून होतो. यशवंत स्टेडियमवर, रेशीमबागेत, कामठीत, जिथे सामना चालू असेल तिथे मधल्या रेषेजवळ बसा. प्रत्येक फाउलला मनात "एक, दोन" म्हणा आणि मगच ठरवा: शिट्टी की हात. मग मैदानावरच्या रेफरीने काय केलं ते बघा. तुमचा निर्णय वेगळा असेल तर कारण शोधा. बऱ्याचदा तुम्ही चेंडू बघत असता आणि त्याने पुढची मोकळी जागा पाहिलेली असते.

स्वतः सामना घेतल्यावर त्याच संध्याकाळी वहीत प्रत्येक ॲडव्हांटेजची एक ओळ लिहा: कुठे दिला, फायदा झाला का, मागे आलात का, कार्ड राहिलं का, कुणी तक्रार केली का. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा "फायदा झाला नाही" लिहिलं जात असेल, तर तिथे तुम्ही हात लवकर पुढे करताय. पुढच्या सामन्यात त्या जागेसाठी "एक, दोन"च्या ऐवजी "एक, दोन, तीन" म्हणून बघा.